रिसॉर्ट बालीचे, ऊन सोलापूरचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उष्ण कटिबंधातील आलिशान रिसॉर्टच्या पर्यावरणपूरक वास्तुरचनेविषयी सचित्र लेख आला होता. बांबूची उंच छपरे, चारी बाजूंनी मोकळे दिवाणखाने, क्षितिजाला जाऊन मिळणारे जलतरण तलाव आणि भोवती गर्द हिरवाई अशी ती छायाचित्रे पाहून कोणालाही तेथे जाऊन राहावेसे वाटेल. लेखकाने विषयाची ओळखही चांगली करून दिली आहे. मात्र लेखाच्या शेवटी उजनी धरणाच्या काठावर आणि सोलापूर शहराच्या आसपासही अशीच वास्तुरचना व्हावी, अशी जी अपेक्षा व्यक्त झाली आहे, तिच्याविषयी लिहिणे मला भाग आहे. या जिल्ह्यात बांधकामांवर देखरेख करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. गेल्या काही वर्षांत ‘बाली पद्धतीचे’ म्हणून आपल्याकडे जे बांधले जात आहे ते जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, त्या परदेशी रिसॉर्टांकडून घेण्यासारखे जे आहे ते छायाचित्रात सहसा येत नाही, आणि छायाचित्रात जे येते ते जसेच्या तसे सोलापुरात आणले तर त्याला पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही.

उष्ण कटिबंध हा नकाशावर एकच पट्टा दिसत असला तरी बांधकामाच्या दृष्टीने त्यात किमान दोन निराळी हवामाने आहेत. कोलंबो, बाली, मालदीव किंवा आपले कोकण येथे दिवसाचे तापमान तीस-बत्तीस अंशांच्या आसपास, रात्रीचे पंचविसाच्या घरात आणि हवेत जवळजवळ बारा महिने ओल असते. दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसल्यामुळे जाड भिंतीचा तेथे उपयोग होत नाही. अंगावरचा घाम वाळवणारा वारा हाच खरा दिलासा असतो. म्हणून तिकडे भिंती शक्य तितक्या कमी ठेवतात, छप्पर हलके आणि उतरते करतात, वळचण लांबवर पुढे काढतात आणि घर जमिनीपासून उचलून घेतात. राष्ट्रीय इमारत संहितेत देशाचे जे पाच हवामान विभाग केले आहेत त्यांत कोकणासारख्या प्रदेशाला उष्ण-दमट म्हटले आहे, तर सोलापूर उष्ण-कोरड्या विभागात मोडते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पहाटे तो पंचवीस-सव्वीसपर्यंत उतरतो, म्हणजे पंधरा अंशांच्या आसपास फरक पडतो. दुपारचा वारा येथे दिलासा देत नाही, झळ आणतो. शहाणी माणसे अकरा वाजता खिडक्या लावून घेतात आणि दिवस कलल्यावर उघडतात. चारी बाजूंनी मोकळा मंडप कोलंबोत सुखाचा असेल. सोलापुरात त्याची एप्रिल-मेमध्ये भट्टी होते आणि मग त्याला काचा लावून आत वातानुकूलन यंत्र बसवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

सूर्याच्या मार्गाचाही विचार येथे करावा लागतो. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचा पहिला दिवस आपल्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे नेमका उन्हाळ्याच्या ऐन भरात येतो. त्या दिवसांत भिंतींपेक्षा छपरावर अधिक ऊन पडते. भिंतीला सजावटीचा दगड लावण्यात आणि दर्शनी भागाला लाकडी पट्ट्या ठोकण्यात जो खर्च होतो, त्याचा निम्मा जरी छपरावर केला तरी सोलापूरच्या घरात निम्मे काम झाले, असे मी अनेक मालकांना सांगत आलो. ऐकणारे थोडे निघाले, कारण छप्पर पाहुण्यांना दिसत नाही.

शहराबाहेरच्या अशाच एका नव्या रिसॉर्टवर मला सल्ल्यासाठी बोलावले होते. झोपडीच्या आकाराच्या खोल्यांवर जाड गवताचे छप्पर होते. हात लावून पाहिले तेव्हा ते प्लास्टिकच्या पात्यांचे निघाले, आणि दोन उन्हाळे खाल्लेली ती पाती टोकाकडे पांढरी पडून बोटात चुरा होत होती. त्या छपराखाली साधा काँक्रीटचा स्लॅब होता, त्यावर उष्णतारोधक असा कोणताही थर नव्हता, आणि खोलीची पश्चिमेकडील भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची होती, कारण मावळता सूर्य दिसला पाहिजे. प्रत्येक खोलीला दोन टनी वातानुकूलन यंत्र होते. आवारातला कृत्रिम धबधबा टँकरच्या पाण्यावर चालत होता. माहितीपत्रकावर मात्र हिरव्या पानाचे चित्र आणि ‘निसर्गाच्या कुशीत’ हे शब्द ठळक छापलेले होते.

आता ज्या इमारतीचे उदाहरण या विषयात जगभर दिले जाते ती पाहावी. श्रीलंकेतील दांबुल्लाजवळचे कंडलामा हे हॉटेल जेफ्री बावा (१९१९-२००३) यांनी रचले. ते १९९४ च्या सुमारास पूर्ण झाले. मालकांच्या मनात आधी सिगिरियाच्या प्रसिद्ध कातळाच्या पायथ्याजवळची जागा होती. बावांनी ती नाकारून काही मैलांवरचा, प्राचीन कंडलामा तलावावरचा एक कडा निवडला, जेथून सिगिरिया पाण्यापलीकडे दूरवर दिसतो. म्हणजे वास्तुरचनेतला सर्वांत मोठा निर्णय कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीच झाला होता. त्या जागेलाही विरोध झाला. परिसरातील लोक आणि बौद्ध भिक्षू रस्त्यावर उतरले, आणि त्यांच्या आक्षेपांतला एक मुख्य आक्षेप पाण्याचा होता: ज्या तलावावर शेती अवलंबून आहे त्यात हॉटेलचे सांडपाणी उतरले तर काय? सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची व्यवस्था हा त्या प्रकल्पाचा महत्त्वाचा भाग ठरला, तो अशा वातावरणात.

इमारत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे आणि कड्याच्या वळणाप्रमाणे वळत जाते. तिची रुंदी मात्र फार नाही. एका बाजूला तलावाकडे तोंड केलेली खोली आणि दुसऱ्या बाजूला कातळाच्या अंगाने जाणारी उघडी वाट, एवढाच तिचा मुख्य पसारा आहे. सुरुंग लावून कडा सपाट करण्याऐवजी इमारत खांबांवर उचलली आहे, त्यामुळे पावसाचे पाणी तिच्या पोटाखालून आपल्या जुन्या वाटेने तलावाकडे जाते. काही ठिकाणी नैसर्गिक खडक थेट वाटेत आला आहे, आणि तो तसाच ठेवून वाट त्याच्या कडेने नेली आहे. खोल्यांना वातानुकूलन आहे, पण वाटा, जिने आणि बैठकीच्या बऱ्याचशा जागा मोकळ्या हवेत असल्याने इमारतीचा मोठा भाग यंत्राने थंड करावाच लागत नाही. सपाट छपरावर झाडोरा वाढवला आहे, आणि बाहेरच्या लाकडी चौकटींवर चढलेल्या वेलींमुळे लांबून हॉटेल चटकन ओळखूही येत नाही. ‘लीड’ हे हरित इमारतीचे अमेरिकन प्रमाणपत्र मिळवणाऱ्या जगातील अगदी सुरुवातीच्या हॉटेलांत त्याची गणना होते.

यात एक गोष्ट आपल्याकडच्या हौशी मालकांना रुचणार नाही, ती म्हणजे कंडलामाचा सांगाडा बांबूचा किंवा मातीचा नसून साध्या प्रबलित काँक्रीटचा आहे. ती पर्यावरणपूरक ठरली ती जागेची निवड, पाण्याची वाट न अडवणे, सांडपाण्याचा बंदोबस्त आणि मोकळ्या वाटा या निर्णयांमुळे. यांतला एकही निर्णय नंतर वरून चिकटवता येत नाही. बांबू, गवत, लाकूड हे साहित्य मात्र चिकटवता येते, म्हणूनच त्याची नक्कल लवकर होते.

बांबूविषयी माझा आकस नाही. बालीत बांबूच्या ज्या मोठमोठ्या वास्तू उभ्या आहेत त्यांचे कौशल्य वादातीत आहे. बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला, जमिनीच्या ओलीपासून उचललेला आणि मोठ्या छपराच्या सावलीत राहिलेला बांबू अनेक वर्षे टिकतो. पण तो तेथे उगवतो, तेथील कारागिरांच्या हाताला त्याची सवय आहे आणि तेथील दमट हवा त्याला मानवते. आपल्या कोरड्या उन्हात उघडा ठेवलेला बांबू उभा चिरतो. बालीकडून घ्यायचाच असेल तर तिथला उंचीचा नियम घ्यावा. १९६६ साली सानूरच्या किनाऱ्यावर दहा मजली हॉटेल झाल्यानंतर पुढे इमारतींची उंची १५ मीटरपर्यंत, म्हणजे साधारण नारळाच्या झाडाइतकी, मर्यादित ठेवण्यात आली. आणि बालीकडून इशाराही घ्यावा: ज्या ‘सुबाक’ या सामूहिक सिंचनव्यवस्थेला युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्याच बेटाच्या दक्षिणेकडे पर्यटनाची पाण्याची गरज आणि भातशेतीची गरज यांत ओढाताण चालू आहे. बांबूच्या छपरामुळे ती कमी झालेली नाही.

फ्रेंच पॉलिनेशियातील तेतियारोआ बेटावर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘द ब्रँडो’ या रिसॉर्टचा उल्लेखही अशा लेखांत नेहमी येतो. तेथे समुद्रात सुमारे ९०० मीटर खोलीवरून थंडगार पाणी नळाने वर आणून त्याच्या गारव्यावर खोल्या थंड केल्या जातात. त्यामुळे वीज मुख्यतः पंपापुरती लागते. कल्पना उत्तम आहे, पण ती खोल समुद्र दाराशी असणाऱ्यांसाठी आहे. (अशा बेटांवर पाहुणे विमानानेच पोहोचतात, आणि त्या इंधनाचा हिशेब रिसॉर्टच्या माहितीपत्रकात सहसा नसतो, हे जाता जाता नमूद करतो.) तेथील तत्त्व मात्र एका वाक्यात सांगता येते: जवळपास आयता गारवा कोठे आहे ते शोधा. सोलापूरला समुद्र नाही, पण रात्र आहे. मघाशी सांगितलेला पंधरा अंशांचा फरक हाच आपल्याकडचा आयता गारवा आहे, आणि आपल्या जुन्या बांधकामाला तो चांगला ठाऊक होता.

आपल्या भागातील माळवदाचे घर ज्यांनी आतून पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांवर सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या किंवा काटक्यांचा दाट थर, त्यावर कडुलिंबाचा पाला म्हणजे वाळवी लागू नये, आणि त्यावर हात-सव्वा हात जाडीची चोपलेली माती. सर्वांत वर खारी पांढरी माती, जी ओली झाली की मिटून येते आणि पाणी खाली उतरू देत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी तिचा नवा थर पडे. पाणी जायला लाकडी किंवा दगडी पन्हळी आणि उजेड-धूर यांसाठी छताला साणे. दिवसभराचे ऊन हे माळवद आपल्यात जिरवून घेई आणि ती ऊब आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असे. त्या वेळी घरातली माणसे अंगणात किंवा माळवदावर झोपायला गेलेली असत. दुपारी माजघरात, रात्री माळवदावर, असा राहण्याचा क्रमच त्या घराशी जुळलेला होता.

पण या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी किल्लारी विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे गेली, ती बहुतांशी याच प्रकारच्या घरांखाली. मातीत बसवलेले गोल दगड, भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणाऱ्या आरपार दगडांचा अभाव, आणि वर वर्षानुवर्षे थरावर थर चढून जड झालेले माळवद. भिंत फुगली आणि छप्पर झोपलेल्यांवर आले. तो धक्का सोलापुरातही जाणवला होता, आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यातही लोकांनी माळवदे उतरवून पत्रे टाकले. जीव वाचला, पण घर तापले. तेव्हा माळवदाकडून घ्यायचे ते उष्णतेला वेळ लावण्याचे तंत्र. त्याचे वजन घेऊ नये.

हे आजच्या साहित्यात जमते. लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी तिरुवनंतपुरममध्ये विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची जी रॅट-ट्रॅप बांधणी रूढ केली, तिच्यात नऊ इंची भिंतीला सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि मधली बंद हवा उष्णतेला अडवते. स्लॅबमध्ये खालच्या अंगाला ताण सळया घेतात. तेथील काँक्रीट बव्हंशी भरावापुरतेच असते. ते वगळून त्या जागी मातीची कौले किंवा पालथी मडकी बसवली की सिमेंट वाचते आणि छप्पर हलके व थोडे गारही होते. वर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या फरशांचे तुकडे, हे तर आपल्याकडचा प्रत्येक गवंडी डोळे मिटून करतो. भिंतींना सलग बांधून ठेवणारे काँक्रीटचे भूकंपपट्टे आणि कोपऱ्यांतल्या उभ्या सळया यांना मात्र फाटा देता कामा नये. विटांसाठी शेताची माती उकरण्याचीही गरज नाही. फताटेवाडीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प दाराशी असताना राखेच्या विटा मिळायला अडचण कसली? फरशीला शहाबाद जवळ आहे, दगडाला आपलाच काळा पाषाण आहे. घराच्या लांब बाजूंची तोंडे उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवावीत, पश्चिमेला जिने, न्हाणीघरे, भांडार अशा जागा द्याव्यात, आणि मध्ये चौक सोडावा. असे रिसॉर्ट बालीसारखे दिसणार नाही, पण त्यातील पाहुणा दुपारी दोन वाजता यंत्र न लावता वाचत पडू शकेल. माझ्या समजुतीप्रमाणे आलिशान याहून वेगळे काही नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सोलापूरला या सगळ्याच्या आधी पाण्याचा हिशेब मांडावा लागतो, आणि उजनीच्या काठावर तर तो टाळताच येत नाही. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी असली तरी तिच्यातील उपयुक्त साठा केवळ ५३ टीएमसीच्या आसपास आहे. उरलेला मृतसाठा, म्हणजे उपयुक्त पातळीच्या खालचे पाणी. त्यामुळे ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्याच्या सुरुवातीला ऐकू येऊ लागते, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरली होती. अशा वेळी पाणी काठापासून लांबवर मागे सरते, पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते आणि मोकळ्या झालेल्या गाळात गाळपेराची पिके उभी राहतात. काठावर क्षितिजाला मिळणारा जलतरण तलाव बांधणाऱ्याला दिवाळीत समोर अथांग पाणी दिसेल, पण मार्चनंतर भेगाळलेला गाळ दिसेल. मग तो पाण्याच्या मागे जाईल: आधी तात्पुरते मंडप, मग बोटींचा धक्का, मग मुरमाचा रस्ता. जेथे हे बांधकाम जाईल ती उथळ दलदल हीच रोहित पक्ष्यांची चरण्याची जागा आहे, आणि ते पक्षी पाहायला म्हणूनच तर पाहुणे बोलावलेले असणार.

जलतरण तलावाचा हिशेब शाळकरी मुलालाही मांडता येईल. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला दहा मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर दोनशे चौरस मीटरच्या तलावातून रोज दोन हजार लिटर, महिन्याला साठ हजार लिटर पाणी हवेत जाते. दरडोई दरदिवशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण मानले तर ही जवळजवळ पंधरा माणसांची गरज झाली. काठावरून पातळ पडद्यासारखे पाणी सांडत राहणाऱ्या तलावात उडणारे पाणी याहून अधिक असते. शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येत असताना हा आकडा हरित वास्तुरचनेच्या लेखात असायला हवा होता.

पावसाचे पाणी साठवू, असे उत्तर नेहमी दिले जाते. सोलापूरचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. हजार चौरस मीटर छपरावर त्यातून साडेपाच लाख लिटर पडते. सांडलवंड वजा जाता सव्वाचार-साडेचार लाख हाती लागेल. वीस खोल्या, चाळीस पाहुणे आणि माणशी तीनशे लिटर एवढाच वापर धरला तरी ते पाणी पाच आठवडे पुरते. बाग, मुदपाकखाना, धुलाई यांचा विचार अजून केलेला नाही. यावरून माझा निष्कर्ष इतकाच आहे की, अशा प्रकल्पात खोल्यांची संख्या जमिनीच्या क्षेत्रफळावरून किंवा कर्जाच्या हप्त्यावरून न ठरवता पाण्यावरून ठरवली पाहिजे. वीसऐवजी आठ खोल्या निघत असतील तर आठच बांधाव्यात. उरलेले सगळे, म्हणजे भिंत कशाची, छप्पर कसले, हे त्यानंतर येते.

थंडाव्याचाही प्रश्न शेवटी पाण्यापाशीच येतो. आपल्या कोरड्या हवेत साधा कूलर छान चालतो, कोलंबोत तो निरुपयोगी आहे; पण कूलर पाणी पितो. वातानुकूलन यंत्र पाणी पीत नाही असे वाटते, परंतु त्याची वीज औष्णिक केंद्रातून येते आणि फताटेवाडीच्या केंद्रालाही उजनीचेच पाणी लागते. म्हणून दोन्ही यंत्रांची गरजच कमी करणारी भिंत आणि छप्पर हेच खरे पाणी वाचवणारे उपकरण होय, असे मी मानतो.

पाणी आणि ऐषआराम यांचा मेळ आपल्या भागात कोणी घातलाच नव्हता असे मात्र नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर तासाभरात नळदुर्ग लागते. तेथे सतराव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. नदी भरून वाहू लागली की नर आणि मादी हे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि आतल्या दालनात उभे राहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खिडकीबाहेर पाण्याचा पडदा असतो, पण आत थेंब येत नाही. नदीला जे पाणी होते तेच वापरले. त्यासाठी वेगळा थेंबही लागला नाही. नदी आटली की धबधबाही बंद होतो आणि पाहुण्याने पावसाळ्यात यायचे असते. शहराबाहेरच्या त्या टँकरवरच्या धबधब्याच्या मालकाला मी एकदा नळदुर्गला जाऊन यायला सुचवले होते. ते अजून गेलेले नाहीत.

राहिली प्रमाणपत्रे. आपल्या देशात २००७ पासून ‘गृहा’ ही हरित इमारतींची मानांकनपद्धती आहे, ऊर्जा संवर्धन इमारत संहिताही त्याच वर्षी आली, आणि राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत पावसाचे पाणी, सौर जलतापक, सांडपाण्याचा पुनर्वापर यांच्या तरतुदी आहेत. म्हणजे नियम आहेत. अडचण अशी की, नकाशा मंजूर झाल्यावर प्रत्यक्षात काय चालले आहे हे शेजारच्या गावाला कळण्याचा मार्ग नाही. गृहप्रकल्पाची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर जशी कोणालाही पाहता येते, तशी जलाशयाच्या काठावरील आणि टंचाईग्रस्त तालुक्यांतील प्रत्येक पर्यटन प्रकल्पाची पाण्याची नोंद उघड असावी: पाणी कोठून घेतले, दरमहा किती घेतले, किती शुद्ध करून पुन्हा वापरले, आणि मे महिन्यात टँकर किती आले. ही नोंद प्रवेशद्वारावर फलकावरही लावावी. हॉटेलांत न्हाणीघरात ‘पाणी वाचवण्यासाठी टॉवेल रोज बदलू नका’ अशी नम्र चिठ्ठी ठेवण्याची पद्धत आहे. ज्या शहराच्या यंत्रमागांवर देशभरच्या हॉटेलांचे टॉवेल निघतात त्या शहराला या चिठ्ठीचे कौतुक असायला हरकत नाही, पण पाहुण्याला टॉवेलचा उपदेश आणि मालकाला साठ हजार लिटरची मोकळीक हे प्रमाण बरोबर नाही.

उजनीवरील जलपर्यटनाच्या योजनांची चर्चा आपल्या दैनिकात वरचेवर येते. त्या योजनांखाली बांधकामांना परवानगी देण्यापूर्वी करमाळा, माढा आणि इंदापूर तालुक्यांतील काठावरच्या गावांत सुनावणी व्हावी, धरण भरल्यावरच्या पूर्ण संचय पातळीबरोबरच मे अखेरची पाण्याची रेघही नकाशावर दाखवणे बंधनकारक करावे, आणि गाळपेर करणारे शेतकरी व मासेमारी करणारी कुटुंबे यांना त्या सुनावणीची सूचना मिळावी, अशी मागणी या पत्राद्वारे करीत आहे. आपल्या पुरवणीलाही एक विनंती आहे. यापुढे अशा रिसॉर्टवर लेख येईल तेव्हा छायाचित्राखाली खोल्यांची संख्या आणि रोजचा पाणीवापर हे दोन आकडे मालकांकडून मागवून छापावेत. ते देण्यास नकार मिळाला तर तसेही छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक, सोलापूर